विश्लेषण : लेखाशास्त्राच्या केस स्टडीत हापूसची पेटी का हवी?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ताळेबंद जुळवता येतो, घसारा काढता येतो, पण ‘केस स्टडी लिहून आणा’ असे सांगितले की बहुतेकांची गाडी अडते. मग वरच्या वर्गातून आलेली जुनी फाइल उतरवली जाते किंवा इंटरनेटवरचा तयार मजकूर नाव बदलून दिला जातो. रत्नागिरीसारख्या शहरात ही पळवाट जास्तच खटकते, कारण लेखाशास्त्राचे खरे पेच इथल्या आंब्याच्या बागेत, मिरकरवाडा बंदरात आणि पतसंस्थेच्या काउंटरवर रोज दिसतात. केस स्टडी म्हणजे नेमके काय, तिची तयारी कशी करायची आणि ती कशी लिहायची, याविषयी...

केस स्टडीचा प्रश्न आताच का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणावर आधारित अभ्यासक्रम राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून लागू झाला. सत्रअखेरच्या लेखी परीक्षेसोबतच अंतर्गत मूल्यमापन, क्षेत्र प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण म्हणजे ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ यांना त्यात जागा मिळाली. मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात मुंबई-ठाण्यासोबत पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे येतात. म्हणजे चर्चगेटच्या आणि रत्नागिरीच्या विद्यार्थ्यासमोर अभ्यासक्रमाचा आराखडा साधारण एकच असतो. पण चर्चगेटच्या विद्यार्थ्याला सुचणारी कंपनी आणि रत्नागिरीच्या विद्यार्थ्याला घरातून माहीत असलेला व्यवसाय यांत मोठे अंतर आहे. १९४५ मध्ये उच्च शिक्षणाची सोय झालेल्या या शहरात वाणिज्य शाखेकडे येणारी अनेक मुले बागायतदार, मच्छीमार, दुकानदार आणि छोटे उद्योग करणाऱ्या कुटुंबांतली असतात. केस स्टडीचा कच्चा माल त्यांच्या घरीच पडलेला असतो, पण हा आपला अभ्यासविषय होऊ शकतो, हे अनेकदा त्यांच्या लक्षात येत नाही.

नेहमीच्या गणितापेक्षा केस स्टडी वेगळी कशी?

पाठ्यपुस्तकातल्या गणितात लागणारी सगळी माहिती दिलेली असते आणि उत्तर एकच असते. तेरीज जुळली की काम संपले. केस स्टडीत आधी प्रश्नच शोधावा लागतो. काही माहिती जास्तीची असते, काही अपुरी असते आणि दोन माणसे दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतात. त्यातून नेमका मुद्दा ओळखायचा, त्याला लागू होणारा नियम शोधायचा आणि आपला निर्णय कारणांसह मांडायचा, ही तिची अपेक्षा असते.

ही पद्धत मुळात कायद्याच्या शिक्षणातली. हार्वर्डच्या विधि विद्यालयात १८७० च्या दशकात ख्रिस्तोफर कोलंबस लँगडेल यांनी न्यायालयांचे प्रत्यक्ष निकाल वाचून कायदा शिकवण्याची पद्धत रुजवली. १९०८ मध्ये सुरू झालेल्या हार्वर्ड बिझनेस स्कूलने पुढे ती व्यवस्थापनाच्या शिक्षणात आणली. भारतात १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबादच्या आयआयएमने हार्वर्डच्या सहकार्याने हीच वाट धरली. तेथून ती एमबीए, सीए आणि आता बी.कॉम.च्या वर्गापर्यंत पोहोचली आहे. प्रवासात एक गोष्ट मात्र मागे राहिली. मूळ पद्धतीत ‘केस’ म्हणजे आसपास खरोखर घडलेला प्रसंग होता. आपल्याकडे अनेकदा केस म्हणजे परदेशी कंपनीची दोन पानांची गोष्ट आणि खाली पाच प्रश्न, एवढेच उरते.

रत्नागिरीत असे विषय कुठे सापडतील?

सर्वात ठळक उदाहरण हापूसचे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. आंब्याचा हंगाम साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होऊन एप्रिल-मेमध्ये भरात येतो. म्हणजे हिशेबाची वही नेमकी हंगामाच्या मधोमध बंद होते. मोहोर वाचवण्यासाठीची फवारणी, खते, राखणदारांची मजुरी हा खर्च एका वर्षात पडतो आणि त्या फळाची मोठी विक्री दुसऱ्या वर्षात होते. मग ३१ मार्चला झाडावर असलेल्या फळाचे काय करायचे? आंब्याचे कलम ही तर वर्षानुवर्षे फळ देणारी मालमत्ता. सुधारित लेखा मानक १० नुसार अशी फळ देणारी झाडे स्थावर व यंत्रसामग्रीसारख्या मालमत्तांबरोबर धरली जातात. पण त्यावरच्या फळाचा हिशेब वेगळा. मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या ‘इंड एएस ४१’ मध्ये फळ रास्त मूल्याने मोजण्याची तरतूद आहे. छोट्या बागायतदाराला ते मानक लागू नाही. दोन्ही पद्धतींनी आकडे मांडून फरक दाखवला, तरी एक उत्तम केस तयार होते.

दुसरे उदाहरण बंदरातले. यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै या काळात बंदी असते. नवा हंगाम सुरू होण्याआधी नौकामालक खलाशांना उचल देतात. ही उचल देण्याच्या दिवशीच खर्च मानायची की ती वळती होईपर्यंत येणे म्हणून दाखवायची? खलाशी मध्येच काम सोडून गेला तर? जाळी दुरुस्तीचा खर्च आणि नवे इंजिन बसवण्याचा खर्च एकाच ओळीत टाकता येईल का? पहिला चालू वर्षाचा खर्च आहे, दुसऱ्याचा फायदा पुढची अनेक वर्षे मिळणार आहे. पाठ्यपुस्तकातला ‘महसुली खर्च की भांडवली खर्च’ हा प्रश्न इथे डिझेलच्या वासासह समोर येतो.

तिसरे उदाहरण कॅनिंगचे. स्वतःच्या बागेतला आंबा स्वतःच्याच कारखान्यात आटवून डबाबंद विकणाऱ्याचे उत्पन्न अंशतः शेतीचे आणि अंशतः व्यवसायाचे असते. प्राप्तिकर नियमांनुसार स्वतःच्या फळाचा बाजारभाव वजा करून व्यवसायाचा नफा काढला जातो. त्यामुळे फळाची किंमत कोणत्या दराने धरली, यावर कर ठरतो. बागेची आणि कारखान्याची वही एकच असेल तर हा आकडा काढणार कसा, हा प्रश्नच केस स्टडीचा विषय आहे.

एक उदाहरण करून पाहायचे तर?

समजा, रत्नागिरीतील दोन भागीदारांची एक छोटी फर्म बागायतदारांकडून आंबा विकत घेते आणि पेट्या भरून पुण्यातील एका विक्रेत्याकडे कमिशनवर विक्रीसाठी पाठवते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात २०० पेट्या गेल्या. पॅकिंगसह एका पेटीची खरेदी ३,००० रुपये, गाडीभाडे पेटीमागे १०० रुपये. विक्रीदर ४,००० रुपये आणि विक्रेत्याचे कमिशन ८ टक्के. ३१ मार्चपर्यंत १४० पेट्या विकल्या गेल्या. उरलेल्या ६० पैकी १० पेट्यांतला माल मऊ पडला आणि तो २,००० रुपयांनी जाईल असा अंदाज आहे. फर्मच्या कारकुनाने मात्र गाडी निघाली त्याच दिवशी २०० पेट्यांची विक्री वहीत मांडली.

कारकुनाच्या पद्धतीने विक्री ८,००,००० रुपये. त्यातून ६४,००० रुपये कमिशन आणि ६,२०,००० रुपये किंमत वजा केली की नफा १,१६,००० रुपये दिसतो.

आता नियम पाहू. माल पाठवला म्हणजे विकला असे होत नाही. कमिशनवर पाठवलेल्या मालाची विक्री तो त्रयस्थ ग्राहकाला विकला गेल्यावरच धरायची, असे लेखा मानक ९ सांगते. त्यामुळे विक्री फक्त १४० पेट्यांची, म्हणजे ५,६०,००० रुपये. त्यातून कमिशन ४४,८०० रुपये आणि प्रत्येकी ३,१०० प्रमाणे किंमत ४,३४,००० रुपये वजा जाता उरतात ८१,२०० रुपये.

राहिला शिल्लक साठा. लेखा मानक २ नुसार साठा खरेदी किंमत किंवा विक्रीतून हाती पडणारी निव्वळ रक्कम, यांपैकी जी कमी असेल तिने दाखवायचा. चांगल्या ५० पेट्यांतून कमिशन वजा जाता प्रत्येकी ३,६८० रुपये मिळणार आहेत, म्हणून त्या ३,१०० रुपये किमतीनेच राहतील. त्यांचे मूल्य १,५५,००० रुपये. पुण्याला पोहोचवण्याचे गाडीभाडे किमतीत धरायचे, कमिशन धरायचे नाही, हाही त्याच मानकाचा भाग. मऊ पडलेल्या १० पेट्यांतून प्रत्येकी १,८४० रुपये हाती येतील, म्हणून त्यांचे मूल्य १८,४०० रुपये. एकूण साठा १,७३,४०० रुपये. घसरलेल्या किमतीचा १२,६०० रुपयांचा तोटा याच वर्षी सोसायचा. म्हणजे खरा नफा ६८,६०० रुपये. कारकुनाच्या वहीत तो ४७,४०० रुपयांनी फुगला होता.

इथपर्यंत गणित झाले. केस इथून पुढे सुरू होते. दोघांपैकी एक भागीदार ३१ मार्चला फर्म सोडत असेल तर त्याला कोणत्या नफ्यातला वाटा द्यायचा? बँकेला कॅश क्रेडिटसाठी कोणता आकडा दाखवला गेला? माल खराब झाल्यास तोटा कोणी सोसायचा, हे विक्रेत्याशी झालेल्या करारात आहे का? तो विक्रेत्याने सोसायचा असेल तर १२,६०० रुपयांचे उत्तर बदलेल. आणि हाच माल फर्मने विकत न घेता स्वतःच्या बागेत पिकवला असता तर? शेतीमाल उत्पादकाच्या हाती असलेला साठा रुळलेल्या प्रथेप्रमाणे विक्रीमूल्याने मोजला जात असेल, तर लेखा मानक २ ने त्याला आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे. एक वस्तुस्थिती बदलली की नियम बदलतो, हे ओळखणाऱ्याला गुण मिळायला हवेत.

३१ मार्चनंतर घडलेल्या गोष्टी धरायच्या का?

विद्यार्थी इथे हमखास अडखळतात. मऊ पडलेल्या पेट्या ५ एप्रिलला प्रत्यक्षात १,५०० रुपयांनीच गेल्या, असे समजा. माल ३१ मार्चलाच मऊ होता. नंतरची विक्री त्या दिवशीच्या स्थितीचा पुरावा देते, म्हणून हिशेबात दुरुस्ती करायची. पण ३ एप्रिलला विक्रेत्याच्या गोदामाला आग लागून चांगल्या ५० पेट्या जळाल्या, तर ती स्थिती ३१ मार्चला नव्हती. तो तोटा नव्या वर्षाचा. रक्कम मोठी असेल तर जुन्या वर्षाच्या हिशेबासोबत तिचा उल्लेख करायचा, आकडे बदलायचे नाहीत. लेखा मानक ४ मधला हा भेद व्याख्या पाठ करून कळत नाही, दोन प्रसंग शेजारी ठेवले की कळतो.

तयारी कशी करायची?

केस दिलेली असेल तर ती किमान दोनदा वाचावी. पहिल्या वाचनात पेन हातात घेऊ नये. कोण, काय, कधी आणि कोणाच्या पैशाने एवढेच समजून घ्यावे. दुसऱ्या वाचनात कागदाचे तीन भाग करावेत. पहिल्यात कागदोपत्री सिद्ध होणारी वस्तुस्थिती, दुसऱ्यात कोणीतरी सांगितलेले मत आणि तिसऱ्यात न मिळालेली माहिती लिहावी. वरच्या उदाहरणात ‘१४० पेट्या विकल्या’ ही वस्तुस्थिती विक्रेत्याच्या हिशेबपट्टीवरून सिद्ध होते. ‘मऊ माल २,००० ने जाईल’ हे मत आहे. करारातली तोट्याची अट ही न मिळालेली माहिती. हे तीन भाग वेगळे न करता लिहायला बसणारा विद्यार्थी अंदाजालाच पुरावा समजून चालतो.

केस स्वतः शोधायची असेल तर व्यवसाय छोटा निवडावा आणि प्रश्न एकच घ्यावा. ‘आंबा व्यवसायाचा लेखाशास्त्रीय अभ्यास’ हा विषय दहा पानांत मावत नाही. ‘हंगामाच्या मध्यावर येणारा ३१ मार्च आणि कमिशनवरच्या मालाचा साठा’ हा मावतो. व्यावसायिकाकडे जाताना वही मागू नये, आधी कामाची साखळी विचारावी. माल कोठून येतो, पैसे कधी द्यावे लागतात, कधी मिळतात, कागद कोणता तयार होतो, कोण सही करतो. या साखळीत कागद आणि पैसा यांची वेळ जिथे जुळत नाही, तिथे केसचा प्रश्न असतो.

माहिती देणाऱ्याची गोपनीयता हा सौजन्याचा नव्हे, जबाबदारीचा भाग आहे. रत्नागिरीसारख्या शहरात ‘बंदराजवळचा एक बर्फ कारखाना’ एवढे लिहिले तरी लोक नाव ओळखतात. म्हणून परवानगी आधी घ्यावी, नाव-ठिकाण बदलावे, सगळ्या आकड्यांना एकाच प्रमाणाने गुणून ते बदलावेत आणि तसे केल्याचे लेखनात स्पष्ट सांगावे. सगळे आकडे एकाच पटीत बदलले की गुणोत्तरे बदलत नाहीत, त्यामुळे विश्लेषण शाबूत राहते.

लिहिताना क्रम कोणता असावा?

सुरुवातीलाच चार-पाच ओळींत प्रश्न आणि निष्कर्ष सांगून टाकावा. तपासणाऱ्याला उत्तरासाठी शेवटच्या पानापर्यंत थांबवण्यात काही साधत नाही. त्यानंतर संबंधित वस्तुस्थिती, तीही प्रश्नाला लागणारी तेवढीच. फर्मची स्थापना, मालकाचे शिक्षण, आंब्याचा इतिहास यांनी पाने भरतात, गुण मिळत नाहीत. मग लागू होणारे मानक किंवा कायद्याची तरतूद आपल्या शब्दांत, दोन वाक्यांत. पुढे विश्लेषण. त्यात किमान दोन पर्याय मांडून एक का निवडला आणि दुसरा का सोडला, हे लिहावे. शेवटी शिफारस आणि मर्यादा.

आकडेमोड परिशिष्टात द्यावी, मजकुरात फक्त निकाल आणावा. प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून आला हे दिसले पाहिजे. रोजनोंद दाखवायची असेल तर चुकीची नोंद, दुरुस्तीची नोंद आणि नफ्यावरचा परिणाम असे तिन्ही दाखवावे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांनी भाषेची भीती बाळगू नये. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, नावे, जमा या शब्दांत ज्याला व्यवहार कळला आहे, त्याने विचार मराठीत करून मग परीक्षेच्या भाषेत छोटी वाक्ये लिहिली तरी चालते. जड इंग्रजी वाक्ये उसनी घेतली की विचारही उसना दिसू लागतो.

तयार मजकूर आणि ‘एआय’चे काय?

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने काही सेकंदांत गुळगुळीत केस स्टडी लिहून देतात. मानकाचा अर्थ समजून घेण्यासाठी किंवा भाषा तपासण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. पण पेटी कोणत्या दिवशी विकली गेली आणि हिशेबपट्टीवर काय लिहिले आहे, हे त्यांना ठाऊक नसते. ठाऊक नसताना ती आकडे आणि मानकांचे क्रमांक आत्मविश्वासाने रचून देऊ शकतात. म्हणून मूळ मानक उघडून पडताळणे टाळता येत नाही. शिक्षकांसाठीही इथे धडा आहे. दरवर्षी तीच केस दिली तर तीच उत्तरे येणार. स्थानिक केस, दरवर्षी बदललेले आकडे आणि जमा केल्यानंतर पाच मिनिटांची तोंडी परीक्षा, एवढे केले तरी उतरवलेली फाइल उघडी पडते. ‘कमिशनची अट बदलली तर तुझे उत्तर काय?’ या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या फाइलमध्ये नसते.

एवढा खटाटोप कशासाठी?

हिशेबातला न विचारलेला प्रश्न किती महागात पडतो, याची उदाहरणे दूरची नाहीत. जानेवारी २००९ मध्ये ‘सत्यम कॉम्प्युटर’च्या अध्यक्षांनी कबुली दिली, तेव्हा ताळेबंदातील ५,०४० कोटी रुपयांची रोख व बँक शिल्लक अस्तित्वातच नसल्याचे समोर आले. ताळेबंद कागदावर जुळलेला होता. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला ठेवीदारांना अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. एकाच उद्योगसमूहाला दिलेली थकीत कर्जे हजारो बनावट खात्यांआड लपवल्याचा आरोप होता. बेरीज-वजाबाकी तिथेही चुकली नव्हती. ‘ही खाती कोणाची?’ हा प्रश्न वेळेत विचारला गेला नाही.

बी.कॉम. होऊन बाहेर पडणाऱ्या रत्नागिरीच्या मुला-मुलींपैकी कोणी सीएच्या कार्यालयात लागेल, कोणी पतसंस्थेत, कोणी घरचाच व्यवसाय सांभाळेल. थकलेल्या कर्जाचे नूतनीकरण करून ते नियमित दाखवा, गाडी निघाली की विक्री धरा, उचल खर्चात टाका, अशा सूचना त्यांना पहिल्याच वर्षी मिळतील. तेव्हा पाठ्यपुस्तकातले एकच उत्तर हाताशी नसेल. वस्तुस्थिती, मत आणि न मिळालेली माहिती वेगळी करून ‘हे असे मांडता येणार नाही, कारण...’ असे वाक्य लिहिता आले पाहिजे. केस स्टडी हा त्या वाक्याचा सराव आहे. तो २०० पेट्यांच्या हिशेबावर झाला तर चूक फार तर गुणांची होते, नंतर होणारी चूक ठेवीदाराच्या किंवा भागीदाराच्या पैशाची असते.